सोयीचा परदेश

नेपाळ परदेशात मोडतो की नाही, याचं पक्कं उत्तर आपल्याकडे कुणाजवळच नाही. ज्या खिडकीपुढे आपण उभे असू, त्या खिडकीच्या सोयीनं ते ठरतं. पैसे घ्यायचे असले की नेपाळ परदेश होतो. काही द्यायची वेळ आली की तो एकदम घरचा होतो. मी आणि माझे साडूभाऊ २०२४ च्या नोव्हेंबरात अन्नपूर्णा बेस कॅम्पला जाऊन आलो. हिमालयाविषयी माझी काहीही तक्रार नाही. तो जिथं सांगितला होता तिथंच होता, आणि कागदपत्रं न मागता दिसला. पुढचं सगळं इतरांविषयी आहे.

आमची देवरी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. थोडं पुढं गेलं की सिरपूरचा सीमा तपासणी नाका आणि नाक्यापलीकडे छत्तीसगड. गावात रेल्वे नाही. तिच्यासाठी आमगाव नाही तर गोंदिया गाठावं लागतं. अशा गावात माणूस नेपाळला निघाला हे कळलं की पहिला प्रश्न येतो, ‘एव्हरेस्टवर का जी, सर?’ याला कारण आहे. २०१८ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर जाऊन आले. याच विभागाचं प्रकल्प कार्यालय देवरीत आहे, त्यामुळे ही बातमी इथं घरच्यासारखी झाली. तेव्हापासून आमच्याकडे नेपाळला निघालेल्या माणसाकडून ८,८४९ मीटरच्या खाली कुणी काही धरत नाही. मी ४,१३० म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा पडायचा. ‘म्हणजे अर्ध्यावरूनच वापस का?’ असं एकानं विचारलं. हिशेबानं ते खरंच होतं. दुसऱ्यानं सांगितलं, ‘पैसे देऊन चढाचं काय काम हाये जी? आपल्या कचारगडावर फुकटात चढाले भेटते.’ माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला लाखो लोक चढतात आणि कुणाहीजवळ परमिट नसतं, हे मला मान्य करावं लागलं.

सरावासाठी आम्ही पाठीवर पिशवी घेऊन पहाटे महामार्गानं चालायचं ठरवलं. देवरीत पाठीवर ओझं घेऊन रस्त्यानं चालणारा निवृत्त मास्तर म्हणजे एसटी चुकलेला मास्तर. दर दुसरी मोटारसायकल थांबायची. ‘कुठं चालले सर? बसा ना.’ चालण्यासाठीच चालतोय म्हटलं की लोकांना वाटे, सर लाजतात. माजी विद्यार्थी तर पिशवी हातातून ओढूनच घेत. सहा किलोमीटरच्या सरावात चार किलोमीटर आम्ही कुणाच्या ना कुणाच्या मागच्या सीटवर असायचो. पुढं आम्ही चिचगडच्या रस्त्यानं जायला लागलो. तिथं ओळखीचे लोक जास्त निघाले.

आता पैशाकडे येतो.

पोखऱ्यातल्या एका ट्रेकिंग कंपनीनं व्हॉट्सअॅपवर दरपत्रक पाठवलं. ते डॉलरमध्ये होतं. खाली दोन याद्या होत्या. पहिलीत काय समाविष्ट आहे ते, दुसरीत काय नाही ते. दुसऱ्या यादीत गरम पाणी, मोबाइल चार्जिंग, वाय-फाय, चहा, टिप, ‘नैसर्गिक किंवा राजकीय कारणांनी होणारा खर्च’ असं बरंच होतं आणि सगळ्यात शेवटी एक ओळ होती : ‘समाविष्ट यादीत नसलेले सर्व काही.’ साडूभाऊ वीज मंडळातून निवृत्त झाले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि माणूस कायद्याचा जाणकार आहे असा शेरा दिला. वीस टक्के आगाऊ रक्कम डॉलरमध्ये पाठवली की जागा पक्की होणार होती.

देवरीच्या शाखेनं गोंदियाला पाठवलं. गोंदियाच्या शाखेनं ए-टू नावाचा फॉर्म दिला. त्यात परकीय चलन कशासाठी हवं त्याचा संकेतांक भरायचा असतो. मी भरला, सही केली, पॅनची प्रत जोडली. खिडकीपलीकडच्या साहेबांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला.

‘कुठल्या देशासाठी?’

‘नेपाळ.’

‘मग डॉलर मिळणार नाहीत.’

‘का?’

‘नेपाळ आहे म्हणून.’

मला वाटलं, साहेब टाळतायत. तसं नव्हतं. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालचे चालू खात्यावरील व्यवहारांचे नियम २००० सालचे आहेत. त्यांत स्पष्ट लिहिलंय की नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी, किंवा तिथं राहणाऱ्या माणसाशी व्यवहार करण्यासाठी, परकीय चलन काढता येत नाही. तिथं आपला रुपया चालतो, मग डॉलर कशाला? नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे : शंभराला एकशे साठ, तेव्हाही आणि आजही. नियम शहाणा आहे. फक्त पोखऱ्यातल्या कंपनीला तो कुणी कळवलेला नाही. ती डॉलर मागत राहते, बँक ‘घरचंच आहे’ म्हणून डॉलर देत नाही, आणि मध्ये आपण भरलेला ए-टू फॉर्म हातात घेऊन उभे.

‘रुपयेच पाठवतो मग,’ मी म्हणालो. साहेबांनी मान डोलावली. नेपाळला रुपये पाठवायची एक सोय २००८ पासून आहे, एनईएफटीमार्फत. पण ती मुख्यतः भारतात मजुरी करणाऱ्या नेपाळी माणसांनी घरी पैसे धाडावेत म्हणून काढलेली. देवरीच्या माणसानं नेपाळात डोंगर चढावा म्हणून ती काढलेली नाही, हे साहेबांनी फार सौम्यपणे समजावलं. पैसे घेणाऱ्याशी तुमचं नातं काय, असंही त्यांनी विचारलं. पोखऱ्यातल्या माणसानं माझ्याशी नातं जोडलं होतं खरं. तो प्रत्येक निरोपात मला ‘दाइ’ म्हणत होता. पण ते फॉर्मवर कसं लिहिणार?

इथं थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्या दिवशी गोंदियाहून परतताना एसटीत मी त्यानंच स्वतःचं सांत्वन केलं. १९५० साली मॉरिस हर्झोगची फ्रेंच मोहीम अन्नपूर्णेवर गेली, तेव्हा हाताशी असलेले नकाशे इतके चुकीचे होते की पर्वताची वाट शोधण्यातच त्यांचे कित्येक आठवडे गेले. अखेर ३ जूनला हर्झोग आणि त्याचा साथीदार लाशनाल ८,०९१ मीटरच्या शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरच्या शिखरावर माणूस पोचण्याची ती पहिली वेळ. पुढं कर्नल जिमी रॉबर्ट्स नावाच्या निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९६४ मध्ये काठमांडूत पर्यटकांना पैसे घेऊन डोंगरात फिरवणारी कंपनी काढली. पहिली गिऱ्हाइकं म्हणून तीन अमेरिकन बायका आल्या. आजचा सगळा ट्रेकिंगचा धंदा तिथून वाढला. त्या तिघींनी पैसे कसे भरले हे कुठं नोंदलेलं मला दिसलं नाही, पण त्यांच्याकडे डॉलर होते, एवढं नक्की.

शेवटी नागपूरच्या एका एजंटाकडून जायचं ठरलं. त्यानं रुपये घेतले. नेपाळ घरचाच आहे, रुपयांत होऊन जाईल, असं म्हणाला. मग बिल आलं. माणशी ४८,००० प्रमाणे दोघांचे ९६,००० आणि खाली टीसीएस ५ टक्के, ४,८००. हे काय, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, ‘परदेशी सहल आहे ना सर.’ ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे वीस टक्के कर आधीच कापून घेतला जाऊ लागला होता. परदेश म्हणजे भारताबाहेरचा कुठलाही देश. डॉलर मागायला गेलो तेव्हा बँकेत परदेश नसलेला नेपाळ, नागपूरच्या बिलावर पॅरिसच्या रांगेत जाऊन बसला. साडूभाऊ म्हणाले, ‘म्हणजे टॅक्स भराले फॉरेन, अन् पैसे पाठवाले आपला वर्धा.’ एजंटानं धीर दिला की ही रक्कम विवरणपत्र भरताना परत मिळते. बुकिंग एका नावावर होतं म्हणून त्यानं पॅन एकाचंच मागितलं. साडूभाऊंचं पाकीट वर होतं, त्यांनी कार्ड काढून दिलं.

मग विमा. घरच्या आरोग्य विम्याला विचारलं तर नेपाळ परदेश निघाला, त्यामुळे तिथं दुखणं आलं तर आपलं आपण बघायचं. प्रवास विमा करायला गेलो तर तो ‘धोकादायक साहसी क्रीडा’ सोडून बाकी सगळ्याला लागू. सामान हरवलं, विमान चुकलं, दात दुखला, सगळं चालेल. आम्ही विमानानं जात नव्हतो आणि साडूभाऊंचे निम्मे दात कवळीचे आहेत. जास्तीचे पैसे भरल्यावर ट्रेकिंगही चालेल असं कळलं, पण ४,००० मीटरपर्यंतच. फोनवरच्या मुलीला मी सांगितलं की बेस कॅम्प ४,१३० वर आहे. ती म्हणाली, ‘सर, मग तुम्ही ४,००० पर्यंत कव्हर्ड आहात.’ हेलिकॉप्टर लागलं तर? आधी कंपनीला फोन करून मंजुरी घ्यावी. ही अट उगाच नाही. गरज नसताना पर्यटकांना हेलिकॉप्टरनं उतरवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचा उद्योग नेपाळ सरकारनेच २०१८ च्या चौकशीत उघडकीला आणला होता. त्या उद्योगाशी आमचा संबंध नव्हता, पण मंजुरीचा फोन आम्हीच करायचा होता, जिथं रेंज नाही तिथून.

ओळखपत्राचं ऐका. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, हे सर्वांना ठाऊक आहे. आधार चालत नाही, हे कुणालाच पटत नाही. धान विकायला आधार, रेशनला आधार, नातवाला बालवाडीत घालायला आधार, आणि एवढं करून ज्या एका ठिकाणी आपण कोण हे खरंच कुणाला ठाऊक नाही तिथं आधार नको. (पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना सूट आहे. आम्ही दोघंही मधले.) मतदार ओळखपत्रावर साडूभाऊंना भरगच्च काळे केस आहेत. सीमेवर सोनौलीच्या शिपायानं फोटोकडे पाहिलं, साडूभाऊंकडे पाहिलं आणि फोटोतल्या माणसाबद्दल सहानुभूती वाटून सोडून दिलं. विधानसभेचं मतदान २० तारखेला उरकूनच आम्ही निघालो होतो, त्यामुळे बोटाला शाई ताजी होती. तिचा उपयोग झाला असावा.

नोटांनी मात्र खरा छळ केला. हमालाचे पैसे, टिप आणि ‘समाविष्ट यादीत नसलेले सर्व काही’ रोख द्यायचं होतं. आपली रिझर्व्ह बँक तेव्हा म्हणत होती की शंभरावरच्या नोटा पंचवीस हजारांपर्यंत नेपाळात न्या. नेपाळ सरकार डिसेंबर २०१८ पासून म्हणत होतं की शंभरावरच्या नोटा अजिबात आणू नका. त्यांना दोष देता येत नाही. २०१६ च्या नोटाबंदीत आपल्या पाचशे-हजाराच्या नोटा त्यांच्या बँकांत आणि लोकांच्या उशीखाली तशाच पडून राहिल्या, आणि आपण त्या बदलून दिल्या नाहीत. तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. त्या फुंकरीसाठी शंभराच्या नोटांत चाळीस हजार मला देवरीत गोळा करावे लागले.

बँकेच्या रोखपालानं विचारलं, ‘लग्न आहे का सर घरी?’ नाही म्हटल्यावर त्यानं एकच गड्डी दिली, तीही मधोमध चिकटपट्टी लावलेल्या नोटांची. फाटकी भारतीय नोट नेपाळात कुणी घेत नाही, म्हणून त्या मी निवडून परत केल्या. रोखपालानं त्या माझ्यादेखत मागच्या माणसाला दिल्या. बाकीच्या नोटा पेट्रोल पंप, किराणा आणि आठवडी बाजारातून जमवल्या. कोथिंबीरवालीनं दोन पाचशेच्या नोटा मोडून दिल्या आणि वर विचारलं, ‘काहून जी, पाचशेची बंद होऊन राहिली का?’ मी नाही म्हटलं. पण मास्तर शंभराच्या नोटा साठवतोय ही बातमी संध्याकाळपर्यंत चौकात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी देवरीत शंभराची नोट मिळेना.

प्रवासाबद्दल तक्रार नाही. देवरीहून महामार्गानं शंभरेक किलोमीटरवर दुर्ग, आणि दुर्गहून थेट नौतनव्याला गाडी. ती रोज नसते, पण असते तेव्हा सीमेच्या जवळ नेऊन सोडते. सोनौलीची कमान ओलांडली की दोनच प्रश्न ऐकू येतात. पहिला, ‘कहाँ जाना है?’ दुसरा, ‘आयसी या एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी. समोसा तीस रुपये म्हटल्यावर तीस कुणाचे हे आधी विचारायचं. साडूभाऊ प्रत्येक भावाला १.६ नं भागत आणि कुणी आयसीत भाव सांगितला तरी सवयीनं भागत. त्यामुळे पहिला अख्खा दिवस नेपाळ त्यांना फार स्वस्त वाटला.

पोखऱ्यात कळलं की सार्क देशांचे म्हणून आम्ही निम्मे-अर्धे परदेशी आहोत. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना इतर परदेशींना ३,०००, आम्हाला १,०००. ट्रेकर नोंदणीचं कार्ड त्यांना २,०००, आम्हाला १,०००. हे मला न्याय्य वाटलं. पण १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला वाटाड्या घेणं सक्तीचं आहे, आणि तिथं आम्ही पूर्ण परदेशी. वाटाड्याही अर्धा मिळत नाही. तो भला माणूस होता. दर वळणावर ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणायचा, म्हणजे सावकाश. आम्ही त्याहून सावकाश चालू शकत नव्हतो, पण त्याचं मन राखलं. त्याच्या टिपेबद्दल एजंटाच्या कागदावर लिहिलं होतं : ‘टिप पूर्णपणे ऐच्छिक आहे.’ पुढच्याच ओळीत माणशी, दर दिवशी ती किती असावी याचा आकडा होता.

छोमरोंगच्या पायऱ्या उतरायच्या, नदी ओलांडायची आणि पुन्हा तितक्याच चढायच्या. हे कुणी आखलं याची मी चौकशी केली नाही. पुढच्या सगळ्या लॉजमध्ये एकच मेनूकार्ड, दर समितीनं ठरवलेले, आणि उंचीबरोबर चढणारे. डाळभात ८०० एनसी, म्हणजे ५०० आयसी. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० होता. साडूभाऊंची थोडी शेती आहे. त्यांनी ताटाकडे पाहत हिशेब सांगितला, ‘साडूभाऊ, बावीस किलो धान खाऊन राहिलो आपण.’ भात पुन्हा वाढण्याचे पैसे पडत नाहीत हे कळल्यावर ते धान वसूल करायच्या मागे लागले. तिसऱ्या वाढीला लॉजची मालकीण हसली, चौथ्या वेळी ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

मोबाइल चार्ज करण्याचे दोनशे. इथं साडूभाऊंची आयुष्यभराची नोकरी जागी झाली. फोनची बॅटरी एकदा भरायला फार तर ०.०२ युनिट लागतं. दोनशे एनसी म्हणजे सव्वाशे आयसी. युनिटला ६,२५० रुपये. बाहेर बर्फ पडत होता आणि ते चुलीजवळ बसून एका जर्मन जोडप्याला महाराष्ट्रातले घरगुती विजेचे दर समजावून सांगत होते. ‘आमच्याकडे या दरात लोकांनी डीपी जाळली असती,’ हे त्यांचं वाक्य मी भाषांतर केलं नाही. क्यूआर कोड लॉजच्या भिंतीवर होता. मार्च २०२४ पासून आपलं यूपीआय नेपाळात चालतं, ते पोखऱ्यात मोमोवाल्याकडे खरोखर चाललंही. इथं वरती रेंज होती ती लॉजच्या वाय-फायची, आणि वाय-फायचे पैसे रोख द्यायचे होते.

माछापुच्छ्रे बेस कॅम्प ३,७०० वर. तिथून पहाटे अंधारात निघालो. साडूभाऊंनी उंची दाखवणारं अॅप उघडून हातात धरलं होतं. वाट तशी चढाची नाही, पण चार पावलांत दम लागत होता आणि कुणी बोलत नव्हतं. मध्येच ते थांबले, बॅटरीच्या उजेडात अॅप माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, ‘पाय जपून टाका. विमा संपला.’ पुढचे १३० मीटर आम्ही खरंच जपून चाललो. ऊन आलं तेव्हा अन्नपूर्णेची दक्षिण भिंत समोर उभी होती, आणि त्या दृश्याचे वेगळे पैसे कुणी मागितले नाहीत. मी वाटाड्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, ते समाविष्ट आहे.

परतल्यावर एजंटाचा संदेश आला, पाच तारे द्या. मी टीसीएसचं प्रमाणपत्र मागितलं. त्यानं पुन्हा ताऱ्यांची आठवण केली. बऱ्याच आठवणींनंतर सत्तावीस-डी नावाचा कागद आला. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना गोंदियाच्या सीएनं माझं २६-एएस उघडलं, तर टीसीएसच्या रकान्यात काहीच नव्हतं. सगळे ४,८०० साडूभाऊंच्या पॅनवर जमा झाले होते. त्यांना परतावा मिळाला. माझे २,४०० त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आणि हिशेबाची वही काढली. देउरालीला माझी गरम पाण्याची बादली, हिंकूत दोन लेमन टी, पोखऱ्यात औषधं आणि माझ्या वाटची टिप त्यांनी भरली होती. बेरीज २,४०० च्या थोडी वरच जाते. आकडे बरोबर आहेत, मी तपासले. फक्त ते आयसी आहेत की एनसी, हे त्यांनी वहीत लिहिलेलं नाही, आणि ते म्हणतात की त्यांच्या आठवणीप्रमाणे आयसी.